ताराबाई शिंदे यांच्या आडनावाविषयी

‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध पुण्यात १८८२ साली छापला गेला, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुन्हा प्रकाशात आणीपर्यंत जवळजवळ विस्मृतीतच राहिला. तेव्हापासून त्यातील विचारांची चर्चा पुष्कळ झाली आहे. लेखिकेच्या कुळाचा विचार मात्र ‘बुलढाण्याचे मराठा घराणे’ एवढ्यावर आटोपतो. हे पुरेसे नाही.

ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे. म्हणजे ‘शिंदे’ हे आडनाव माहेरचे होय. पती घरजावई असल्यामुळे त्यांना पितृगृह सोडावे लागले नाही. त्या काळच्या स्त्रीच्या वंशाचा धागा सहसा जेथे तुटतो, नेमका तेथे तो या उदाहरणात शाबूत आहे. कल्याणची यमुना विवाहानंतर आनंदी जोशी झाली. चरित्रे नसती तर ही दोन नावे एकाच व्यक्तीची, हे कोण ओळखते? कुलवृत्तांतांत मुलगी एका ओळीत संपते. श्राद्धविधीत माता, पितामही, प्रपितामही यांचा उच्चार होतो खरा. पण ती नावे बहुधा सासरी ठेवलेली.

निबंधातील तिखट भाषेचे मूळ दुःखी संसारात शोधण्याचा मोह अभ्यासकांस होतो. हा तर्क दुबळा वाटतो. निबंधाचे निमित्त सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील १८८१ चा खटला व त्यावरील वृत्तपत्रीय टीका हे होते. आणि वडील सत्यशोधक समाजाचे सभासद, मुलीला शिकविणारे. सासुरवास न भोगता विवाहसंस्थेकडे पाहणारी ही लेक आहे, असे मानले तर त्या भाषेतील निर्भयपणा अधिक उलगडतो. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून तिची बाजू घेतली, तीही याच नात्याच्या आधाराने समजते.

वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजी अमलाखाली होता. म्हणून बापूजींची कचेरीतील नोकरी तरी आपणांस ठाऊक आहे. धर्माबादेकडे शोध घेणाऱ्यास याच पिढीतील स्त्रीसाठी मोडीबरोबर फारसी व उर्दू दप्तरेही चाळावी लागतील. त्यातही लेक बासरकडे दिलेली असली, तर तिचा माग मराठी कागदांत संपून तेलुगूत सुरू होतो. तेथे आडनावापेक्षा गावाचे नाव धरूनच पुढे जावे लागते.