वराहदेवाचे दान आणि लिलावाची हातोडी

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याच्या ओसरीबाहेर, डाव्या टोकाला, वराहदेवाचा शिलालेख आहे. वराहदेव हा वाकाटक नृपती हरिषेणाचा सचिव. आणि हरिषेणाची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. मंगरूळपीरच्या वाचकास अजिंठा हा सहलीचा विषय वाटत असेल, तर त्याने हे ध्यानी घ्यावे की ते लेणे त्याच्याच शेजारच्या राजसभेतील एका अमात्याने खोदविले व भिक्खुसंघास अर्पण केले. पाचव्या शतकातील हे दान आहे.

याच लेण्याच्या भित्तिचित्राचा एक तुकडा आज अमेरिकेत बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. एकोणिसाव्या शतकात एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तो भिंतीवरून काढून नेला, आणि 1920 च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये त्याचा लिलाव झाला. योगायोग असा की, 1920 ते 1922 या काळात हैदराबादच्या निजामाने बोलाविलेले लोरेन्झो चेक्कोनी व काउंट ओर्सिनी हे इटालियन तज्ज्ञ अजिंठ्यात चित्रांच्या दुरुस्तीचे काम करीत होते. अजिंठ्याविषयीच्या ग्रंथांत या दोन घटना वेगवेगळ्या प्रकरणांत सांगितल्या जातात. एक लुटीची, दुसरी रक्षणाची. प्रस्तुत लेखकास ही विभागणी मान्य नाही.

इटालियनांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. सुटत चाललेला गिलावा त्यांनी भिंतीशी पुन्हा जखडला. ते न होते तर पुष्कळ चित्रे गळून पडली असती. परंतु चित्रांवर लाखेचे वॉर्निशही चढविले गेले, आणि कालांतराने ते पिवळे पडून रंग झाकोळले. त्यांच्याही आधी, 1844 पासून मेजर रॉबर्ट गिल यांनी आणि 1872 ते 1885 या काळात जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांसह या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, तेव्हाही वॉर्निश वापरले गेलेच. रंग उजळ दिसावेत, नक्कल नीट उतरावी, हा हेतू. म्हणजे मूळ चित्र नकलेच्या सोयीसाठी राबविले गेले. त्या नकलांपैकी गिल यांच्या बहुतेक 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि ग्रिफिथ्स यांच्याही अनेक 1885 मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. उरले ते भिंतीवरचे वॉर्निश. ते उतरविण्याचे कष्ट भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनशाखेस पुढे कित्येक वर्षे करावे लागले.

विनयपिटकात दुरुस्तीसाठी शब्द आहे 'खण्डफुल्लपटिसङ्खरण', मोडक्यातुटक्याची डागडुजी. राजगृहाच्या पहिल्या संगीतीस जमलेल्या थेरांनी वर्षावासाचा पहिला महिना याच कामाला दिला, धम्मविनयाचे संगायन त्यानंतर केले, हे चुल्लवग्गात नमूद आहे. छप्पर गळू नये, भिंत ढासळू नये, विहार राहण्यायोग्य व्हावा, एवढाच तिचा हेतू. विहाराला प्रेक्षणीय करणे हा तिचा विषय नाही. वॉर्निश चढविणाऱ्याने चित्राकडे विहाराची भिंत म्हणून पाहिलेच नाही. चौकटीत बसविलेल्या कॅनव्हासप्रमाणे पाहिले. आणि एकदा असे पाहिले की, चाकूने तुकडा सोडविणाऱ्याची दृष्टी फार दूर राहत नाही. मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड यांनीही काही आकृती सोलून काढण्याचा प्रयत्न केला. त्यांचा चुरा झाला. अजिंठ्याचा गिलावा म्हणजे माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू. तो भिंतीशिवाय टिकावा तरी कसा?

विक्रीबाबत विनय अधिक स्पष्ट आहे. चुल्लवग्गाच्या सेनासनक्खन्धकात 'अविस्सज्जिय' म्हणजे कोणास देऊन टाकता न येणाऱ्या वस्तूंचे पाच वर्ग सांगितले आहेत. आराम व त्याची जागा, विहार व त्याची जागा, मंच-पीठादी, लोखंडी भांडी व हत्यारे, आणि पाचव्या वर्गात वेली, बांबू, गवत यांबरोबर माती. होय, मातीसुद्धा. या वस्तू व्यक्तीने, गणाने, इतकेच नव्हे तर खुद्द संघानेही द्यावयाच्या नाहीत. दिल्या तरी त्या दिल्या गेल्या असे मानावयाचे नाही. विहार 'आगत-अनागत' चातुद्दिस संघाचा असतो, आलेल्यांचा आणि अजून न आलेल्यांचाही. अजिंठ्यात भिक्खू उरले नव्हते, म्हणून वस्तू बेवारस होत्या, हा संग्राहकांचा आवडता युक्तिवाद या एका 'अनागत' शब्दापुढे टिकत नाही. (उपासकांनी मात्र या आधारे मालकी सांगू नये; विनयात ती आपलीही नाही.)

याच दृष्टीने पिप्रहवा प्रकरण पाहावे. 1898 मध्ये विल्यम पेप्पे यांनी उकरलेल्या स्तूपातील रत्ने हाँगकाँग येथे 7 मे 2025 रोजी लिलावात निघणार होती. भारत सरकारच्या कायदेशीर नोटिशीनंतर लिलाव थांबला, आणि 30 जुलैला ती भारतात परतली. आनंद झाला, तो आजही आहे. पण ती परतली ती एका भारतीय उद्योगसमूहाने खरेदी केल्यानंतर. जे शाक्यांनी तथागतांच्या अस्थींसोबत ठेवले होते, त्यास किंमत असते हे मान्य करूनच ते सोडविले गेले. हे आपल्या नियतकालिकांतून फारसे बोलले गेले नाही.

बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या संविधानाचे 49 वे अनुच्छेद राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू व वस्तू यांचे लूट, विद्रूपण, नाश, स्थलांतर, विल्हेवाट आणि निर्यात यांपासून रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविते. लूट आणि विद्रूपण एकाच वाक्यात शेजारी आहेत, हे मला महत्त्वाचे वाटते. कारण विद्रूपण आपणही करतो. शेतात सापडलेल्या जुन्या बुद्धमूर्तीला सोनेरी ऑइलपेंट फासून, तुटलेले नाक सिमेंटने बसवून विहारात स्थापन केलेली मी स्वतः पाहिली आहे. श्रद्धा निखळ होती; दगडावरची झीज, छिन्नीच्या खुणा, कदाचित पीठावरची अक्षरेही त्या रंगाखाली गेली. अशी मूर्ती सापडल्यास प्रथम पुरातत्त्व विभागास कळवावे, छायाचित्रे घ्यावीत, आणि रंगाचा डबा बाजूस ठेवावा.

बोस्टनच्या तुकड्याबद्दलही एक पत्र आपल्या संस्थांनी लिहावयास हवे. तो परत मिळेल की नाही हा पुढचा प्रश्न. त्याच्या नोंदीत दाता वराहदेव, दान भिक्खुसंघास, राजधानी वत्सगुल्म, एवढे तरी लिहिले जावे, ही मागणी आजही करता येते.