वाकलेल्या पाठीचा वेश

वेशाच्या सौंदर्याचा विचार करताना आपल्याकडे बहुधा रंग, वीण आणि अलंकरण ह्यांचाच परामर्श घेतला जातो. तो वेश अंगावर असताना शरीर कोणत्या स्थितीत असते, हा प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. वस्तुतः काही वेशांचे रूप ह्या एका प्रश्नानेच उलगडते. जुन्या मोटार-शर्यतींशी नाते सांगणारा मेणकापडाचा इंग्रजी कोट आणि रायगड जिल्ह्यातील कर्जत-खालापूरच्या भातखाचरांत वापरले जाणारे इरले, हे त्यांपैकी दोन होत.

साउथ शील्ड्स ह्या बंदरात १८९४ मध्ये स्थापन झालेल्या बार्बर पेढीने १९३६ मध्ये मोटारसायकलस्वारांसाठी 'इंटरनॅशनल' हा पोशाख सिद्ध केला. सहा दिवस चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शर्यतीवरून त्याला हे नाव मिळाले. त्याच्या डाव्या छातीवरील खिसा तिरपा असतो. दुकानातील उभ्या पुतळ्यावर हा तिरपेपणा केवळ लकब भासतो. परंतु पुढे झुकलेल्या स्वाराला नकाशा काढण्या-ठेवण्यास तोच सोयीचा पडतो. कंबरेचा पट्टा आणि गळ्याशी आवळता येणारी कॉलर ह्यांचेही प्रयोजन वारा-पाऊस अडविणे हेच. १९६४ मध्ये पूर्व जर्मनीत झालेल्या ह्याच शर्यतीत स्टीव्ह मॅक्वीन हा अमेरिकी नट हा कोट घालून उतरला, आणि कामाच्या वेशाला कीर्तीचे वलय लाभले. पुढे स्वार गेला तरी वलय राहिले.

इरल्याची घडणही अशीच प्रयोजननिष्ठ आहे. बांबूच्या कामट्यांच्या विणीत रुंद पाने दाबून बसविलेले हे कवच डोक्यापासून कंबरेपर्यंत पाठ झाकते. भातलावणीच्या वेळी दोन्ही हात चिखलात गुंतलेले असतात. छत्री धरणे अशक्य. वाकलेल्या पाठीवर इरले आपोआप स्थिर बसते. माणूस ताठ उभा राहिला की ते मागे लोंबते आणि छाती उघडी पडते. म्हणजे इरल्याचा आकार हा लावणीच्या श्रमाचाच आकार होय.

येथे इरले तेवढे अस्सल आणि कोट तेवढा दिखाऊ, असा निवाडा करण्याचा मोह होईल. तो टाळला पाहिजे. कोटही मुळात श्रमातूनच जन्मला. कोकणच्या उष्ण, दमट पावसाळ्यात तो अंगाला जड व घामट व्हावा, हा त्याचा दोष नव्हे, स्थलांतराचा परिणाम आहे. उलट, इरले दिवाणखान्यात टांगले तर तेही तितकेच निष्प्रयोजन ठरेल. अस्सलपणा वस्तूत नसून वस्तू, शरीर आणि ऋतू ह्यांच्या संबंधात असतो.

खरा भेद स्मृतीचा आहे. कोटाच्या प्रत्येक खिशाची वंशावळ व्यापाराने जपली, कारण तिला मोल येते. प्लॅस्टिकच्या कागदाने इरल्याची जागा घेतली, तेव्हा त्याचे माप, कामट्यांची संख्या, पानांची निवड ह्यांची नोंद ठेवण्याची गरज बाजाराला भासली नाही. कर्जतच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेल्या वाणांना त्या गावाचे नाव लाभले आहे. त्या भाताची लावणी ज्या वेशात झाली, त्याचे वर्णन मात्र बव्हंशी विणणाऱ्यांच्या हातांतच राहिले. ते हात थकण्यापूर्वी हे वर्णन शब्दांत येणे, हे वेशाच्या समीक्षेचे पहिले कर्तव्य ठरते.