ओळीवर बोट ठेवणारी समीक्षा

वाशिमला एका महाविद्यालयात मराठीच्या एम.ए.च्या मुलांशी बोलायला गेलो होतो. तास संपल्यावर एका मुलीनं वही पुढे केली. एका कवितासंग्रहाचं परीक्षण होतं, मनापासून लिहिलेलं. जिथं जिथं 'मला' हा शब्द आला होता, तिथं लाल शाईची रेघ होती आणि वर दुरुस्ती होती : 'प्रस्तुत अभ्यासकास असे प्रतीत होते'. ती म्हणाली, "सर, 'मला वाटतं' लिहिलं की ती समीक्षा होत नाही का?"

मराठी समीक्षेत आत्मनिष्ठ आणि वस्तुनिष्ठ असे दोन पक्ष मांडून गेली शंभर वर्षं वाद चालला आहे. तो त्या वहीत असा लाल रेघेपुरता उरलेला पाहून मला वाईट वाटलं. त्यातही वाशिममध्ये! कारण साहित्याची पारख म्हणजे काय, याच्याशी या गावाचं जुनं नातं आहे. वाशिम म्हणजे वाकाटक राजांचं वत्सगुल्म. 1939 साली इथं सापडलेल्या दुसऱ्या विंध्यशक्तीच्या ताम्रपटानं वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा इतिहास उजेडात आला आणि वा. वि. मिराशींनी तो अभ्यासून मांडला. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष देशोदेशी हिंडतो. त्याच्या मागोमाग साहित्यविद्यावधू जाते आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचं लग्न लागतं. 'कर्पूरमंजरी'त याच राजशेखरानं काव्यरीतींच्या ओळीत 'वच्छोमी' हे नाव घेतलं आहे. ते वत्सगुल्मावरूनच आलं.

संस्कृत काव्यशास्त्राच्या या परंपरेत आपल्याला छळणारे दोन्ही पक्ष आहेत. रीती आणि गुण शब्दांच्या रचनेत दाखवता येतात, तर रस वाचणाऱ्याच्या मनात उमलतो. पण तो वाचणारा कुणीही उपटसुंभ नाही, सहृदय आहे. सतत काव्य वाचून ज्याचं मन आरशासारखं लख्ख झालं आहे, त्यालाच अभिनवगुप्त सहृदय म्हणतो. म्हणजे 'मला' या शब्दामागे तालीम हवी. ती असेल तर तो शब्द खोडायचं कारण नाही.

वाकाटकांच्या या वत्सगुल्म शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन. त्यानं 'हरिविजय' हे प्राकृत काव्य लिहिलं. कृष्णानं सत्यभामेसाठी पारिजात आणल्याची ती कथा. काव्य आज संपूर्ण हाती नाही. आनंदवर्धन 'ध्वन्यालोका'त त्याचं नाव घेतो ते एका नेमक्या मुद्द्यासाठी : मूळ कथेतलं रसाला न मानवणारं असेल ते कवीनं टाकावं आणि रसाला पोषक असं नवं कल्पावं. कुंतक सर्वसेनाला कालिदासाच्या पंक्तीत बसवतो आणि सुकुमार मार्गाचा कवी म्हणून गौरवतो. भोज मात्र आपल्या ग्रंथांत 'हरिविजया'तली पद्यं उद्धृत करतो. आज त्या काव्याचे जे तुकडे वाचता येतात ते भोजासारख्यांनी ओळी उतरवून ठेवल्या म्हणून. कुंतकाच्या गौरवातून कवीची कीर्ती कळते, कविता कळत नाही. समीक्षकानं मूळ ओळ का द्यावी, याचं याहून मोठं कारण मला माहीत नाही.

आधुनिक मराठीत वस्तुनिष्ठतेचा सर्वांत निग्रही प्रयत्न बा. सी. मर्ढेकरांचा. 'सौंदर्य आणि साहित्य' (1955) मध्ये त्यांनी कलाकृतीचं सौंदर्य तिच्या लयबद्ध रचनेत शोधलं : संवाद, विरोध आणि समतोल. चरित्र, बोध, लोकप्रियता हे सगळं त्यांनी बाजूला सारलं. या शिस्तीचं ऋण मोठं आहे. पण लयीचा हा हिशेब कादंबरीला लावायला गेलं की माणसं आणि त्यांचा काळ हातातून निसटतो, असं मला त्यांचं लेखन वाचताना दरवेळी वाटतं. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (1974) कलेकडे पाहण्याच्या लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी अशा दोन्ही दृष्टी नीट तपासल्या. नागपूरच्या शरच्चंद्र मुक्तिबोधांनी साहित्यमूल्य माणुसकीच्या अंगानं मांडलं. पुढे दलित समीक्षेनं थेट विचारलं की ज्या वस्तुनिष्ठतेचा तुम्ही दाखला देता, ती कुणाच्या अभिरुचीवर बेतलेली आहे? या प्रश्नाला मराठी समीक्षेनं अजून पुरतं उत्तर दिलेलं नाही.

हा पेच आपल्यापुरता नाही. तुर्की साहित्यात समीक्षक नुरुल्ला अताच यांनी स्वतःची आवडनिवड हाच समीक्षेचा आधार मानला. त्यांच्या पाठोपाठ हुसेयिन जोंतुर्क आणि आसिम बेझिर्जी यांनी वस्तुनिष्ठ, संहितेला धरून चालणाऱ्या समीक्षेचा आग्रह धरला.

दोन्ही वाटा एकत्र चाललेल्या पाहायच्या असतील, तर नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ची (1972) विजय तेंडुलकरांनी लिहिलेली प्रस्तावना वाचावी. हे जग आपलं नाही, हे ते लपवत नाहीत. न कळलेले शब्द कवीला विचारतात आणि विचारल्याचं सांगतात. तिथं 'मी' पदोपदी आहे, आणि तो 'मी'च वाचकाला कवितेतल्या नेमक्या शब्दापाशी नेतो.

आज मात्र प्रकाशन समारंभातली भाषणं तशीच्या तशी छापली की आस्वादक समीक्षा होते. 'सशक्त', 'अंतर्मुख करणारा', 'वेगळ्या धाटणीचा' ही तीन विशेषणं कुठल्याही संग्रहाला चिकटतात. दुसरीकडे बढतीच्या गुणांसाठी लिहिलेले शोधनिबंध असतात. त्यांत सिद्धांताची आठ पानं आणि कवितेचा एक परिच्छेद. पहिल्या प्रकारात वाचणारा कविता न वाचताच भारावलेला असतो. दुसऱ्यात कविता आहे, पण ती कुणी वाचलेलीच नाही. वाशिम, कारंजा, रिसोडसारख्या गावांतून लिहिणाऱ्या नव्या कवींची यात सर्वांत जास्त हानी होते. त्यांना कौतुक मिळतं, वाचक मिळत नाही.

त्या मुलीच्या वहीत सहाव्या पानावर एक वाक्य होतं. कवीनं आईबद्दलच्या कवितेत क्रियापद शेवटपर्यंत रोखून धरलं आहे, त्यामुळे 'मला श्वास अडकल्यासारखा झाला'. त्याखाली तिनं त्या चार ओळी उतरवल्या होत्या. मी पुन्हा वाचल्या. क्रियापद खरंच शेवटी होतं, आणि अडकलो मीही. लाल रेघ या वाक्यावरही होती. मी तिला ते वाक्य पुन्हा जसंच्या तसं लिहायला सांगितलं.

नियतकालिकांच्या संपादकांना माझी एकच विनंती आहे. ज्या परीक्षणात पुस्तकातली एकही ओळ पानाच्या आकड्यासह दिलेली नाही, ते परत पाठवा.