‘यष्टी’चा न्याय

आजऱ्यास आगगाडी नाहीं. संकेश्वराहून बांद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरील या गांवीं सामान्य माणसाचा प्रवास म्हणजे बहुतेक एस्. टी.चाच. तेथील स्थानकावर ‘गडहिंग्लजची यष्टी गेली काय?’ हा प्रश्न कानीं पडला, कीं शेजारचा शिकलेला प्रवासी किंचित् हंसतो. आणि हाच उच्चार मुलाच्या तोंडून आला तर तो चुकीचा म्हणून सुधारला जातो. हें हंसणें न्याय्य आहे काय, एवढाच प्रस्तुत प्रश्न.

शब्दाचें मूळ स्पष्ट आहे. १ जून १९४८ रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर ‘स्टेट ट्रान्सपोर्ट’ची पहिली गाडी धांवली, त्या नांवाचीं हीं आद्याक्षरें. इंग्रजींत त्यांचा अर्थ राज्याची वाहतूक, गाडी नव्हे. तीं गाडीला लावलीं, ‘गाडी’प्रमाणें स्त्रीलिंगी केलीं, त्यांचें ‘एस्ट्या’ असें अनेकवचनहि केलें, तें आपल्याच लोकांनीं. तेव्हां ‘एस्टी’ म्हणणारा सुशिक्षितहि इंग्रजी बोलत नसतो. तो मराठीच बोलत असतो.

आतां उच्चार. ‘एक’चा ‘येक’ आणि घाईंत ‘यक’ करणाऱ्या जिभेनें ‘एस्’चा ‘यस्’ करावा, यांत नवल तें काय? पुढें मूर्धन्य ‘ट’ आला कीं मागील ‘स’ त्याच्या स्थानाकडे ओढला जाऊन ‘ष’ होतो. संस्कृत वैयाकरणांनीं याच प्रवृत्तीला ष्टुत्व म्हणून नियमाचा मान दिला. पंडिताच्या मुखीं जो संधि, तोच शेतकऱ्याच्या मुखीं अपभ्रंश कसा?

तथापि दुसरें टोकहि गांठूं नये. ‘यष्टि’ म्हणजे काठी हा संस्कृत शब्द आयता हाताशीं आहे. ‘देहयष्टि’ त्याच्याच घरची, आणि प्राकृतांतून आलेली ‘लाठी’हि. परंतु त्यावरून आपल्या यष्टीचें कुळ संस्कृतांत शोधणें ही निव्वळ ध्वनिसाम्याची भूल होय. अशी भूल शब्दाचें रूपहि पालटते. ‘यष्टिमधु’ म्हणजे गोड काठी. तिचें मराठींत ‘ज्येष्ठमध’ झालें, आणि वडीलपणाशीं कांहीं संबंध नसतां तो मान तिला मिळाला!

छापतांना ‘एस्. टी.’ असेंच लिहावें. मूळ ओळखण्यास तें सोयीचें. परंतु बोलण्यांतल्या ‘यष्टी’स हंसूं नये. मुलाचा एक उच्चार सुधारतांना त्याला घरची भाषाच हलकी वाटूं लागली, तर तो सौदा फार महाग पडेल. त्यापेक्षां हा उच्चार कसा घडला, तें त्याला समजावून सांगावें. व्याकरणाचा एक धडा आजऱ्याच्या स्थानकावर तो पुस्तकाविना शिकेल.