रोटेनबर्गचा पेपर आणि आमच्याकडची उचल

माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये एक वाक्य होतं. आज ते वाचलं की कान गरम होतात. ‘ऊसतोड कामगाराला हंगामाआधी मिळणारी उचल ही व्यावसायिक खेळाडूला करारावर सही करताना मिळणाऱ्या बोनससारखी असून ती त्याच्या कार्यक्षमतेची निदर्शक मानता येईल.’ सादरीकरणात कुणी हरकत घेतली नाही, उलट तुलना आवडली. हरकत घेतली मामाने. मामा पाथर्डी तालुक्यातला, वीसेक हंगाम कोयता चालवलेला. मी कौतुकाने समजावून सांगितलं तर म्हणाला, “बोनस? ती काय बक्षिशी आहे का? फेडावी लागती ती.”

तोपर्यंत माझे ११८ फॉर्म भरून झाले होते आणि सगळ्यांत उचल ‘उत्पन्न’ या रकान्यात होती.

ही तुलना मी उचलली होती ती क्रीडा-अर्थशास्त्रातून. पेट झाली, आता सिनॉप्सिस लिहायचाय, अशा बऱ्याच जणांचे मेसेज येतात म्हणून या वेळी त्या तुलनेच्या मुळाशी असलेला पेपर घेतो. सायमन रोटेनबर्ग यांचा बेसबॉलपटूंच्या श्रमबाजारावरचा हा लेख १९५६ साली ‘जर्नल ऑफ पॉलिटिकल इकॉनॉमी’मध्ये आला. क्रीडा-अर्थशास्त्र नावाची शाखा इथून सुरू झाली असं मानतात. मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे हा पेपर आधी दुसऱ्यांच्या संदर्भांतून वाचला आणि मूळ लेख फार उशिरा. ही माझी चूक, तुम्ही करू नका.

त्या काळी अमेरिकेत खेळाडूने एका क्लबशी करार केला की तो पुढेही त्याच क्लबला बांधलेला असे. क्लब त्याला विकू शके, पण तो स्वतः दुसरीकडे जाऊ शकत नसे. मालकांचं म्हणणं होतं की हे बंधन काढलं तर श्रीमंत क्लब सगळे चांगले खेळाडू गोळा करतील. रोटेनबर्ग म्हणाले, तसं काही होणार नाही. क्लब आपसात खेळाडू विकतातच, त्यामुळे जिथे त्याच्यापासून जास्त कमाई होईल तिथे तो बंधन असलं तरी पोचेल आणि नसलं तरी पोचेल. फरक इतकाच, की बंधन असेल तर ती किंमत क्लबच्या खिशात जाते आणि नसेल तर खेळाडूच्या. कोसचा प्रसिद्ध लेख १९६० चा, म्हणजे हा विचार त्याच्या चार वर्षं आधी मांडलेला आहे.

दुसरी गोष्ट माझ्या कामाची होती. खेळाडूचा मोबदला दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी ठरतो. वरचं टोक म्हणजे क्लबला त्याच्यापासून होणारी कमाई, खालचं म्हणजे बेसबॉल सोडून तो दुसरीकडे जे मिळवू शकला असता ते. मधल्या पट्ट्यात घासाघीस. मी वरच्या टोकालाच धरून बसलो आणि ‘रक्कम जास्त म्हणजे गुण जास्त’ असं लिहून मोकळा झालो. खालच्या टोकाकडे लक्षच दिलं नाही.

खालचं टोक काय करतं हे नवोदितांच्या करारात फार उघड दिसतं. १९६५ पासून तिथे ड्राफ्ट आहे. क्लब पाळीपाळीने मुलं निवडतात आणि निवडलेला मुलगा त्या वर्षी फक्त त्याच क्लबशी बोलू शकतो. म्हणजे गिऱ्हाईक एकच. तरी त्याच्या हातात एक पत्ता उरतो, ‘मी सही करत नाही, कॉलेजात जातो’ असं म्हणण्याचा. बारावीच्या वयाच्या मुलाला हे म्हणता येतं. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असलेल्यालाही म्हणता येतं, कारण त्याचं एक वर्ष बाकी असतं. शेवटचं वर्ष संपलेल्याला मात्र म्हणता येत नाही. २०१२ पासून पहिल्या दहा फेऱ्यांतल्या प्रत्येक निवडीला एक रक्कम नेमून दिलेली असते. त्यांच्या बेरजेइतकी क्लबची थैली, ती ओलांडली की दंड. मग क्लब काय करतात? थैलीत पैसे वाचावेत म्हणून शेवटच्या वर्षाची मुलं निवडतात, नेमून दिलेल्या रकमेच्या फार खाली, काही हजार डॉलरवर त्यांची सही घेतात, आणि वाचलेला पैसा कॉलेजची शिष्यवृत्ती खिशात असलेल्या शाळकरी मुलाला देतात. एकाच फेरीतले दोघे घ्या. बोनसच्या आकड्यांतला फरक गुणांचा किती आणि ‘नाही’ म्हणता येण्याचा किती, हे आकड्यांवरून सांगता येत नाही. ज्याने बोनसला गुणवत्तेचा प्रॉक्सी केलं त्याचा डेटा इथेच गढूळ झाला.

‘नाही’ म्हणणं फुकट नसतं, हेही खरं. २०१४ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोजने पहिल्या क्रमांकावर ब्रेडी एकेन या शाळकरी गोलंदाजाला निवडलं. (पिचरला गोलंदाज म्हटल्याबद्दल क्रिकेटवाल्यांनी माफ करावं.) ६५ लाख डॉलरवर बोलणं झालं होतं. मग वैद्यकीय तपासणीत कोपराच्या अस्थिबंधाबद्दल शंका निघाली आणि क्लबने आकडा निम्म्याच्या खाली आणला. मुदत संपता संपता ते ५० लाखांपर्यंत आले, पण एकेनने सही केली नाही. पुढच्या वर्षी त्याच्या कोपराची शस्त्रक्रिया झाली, क्लीव्हलँडने त्याला १७व्या क्रमांकावर घेतलं आणि बोनस मिळाला साधारण २५ लाख. अ‍ॅस्ट्रोजला बदल्यात पुढच्या वर्षीचा दुसरा क्रमांक मिळाला, त्यावर त्यांनी अ‍ॅलेक्स ब्रेगमन घेतला. क्लबकडे पुढचं वर्ष असतं. मुलाकडे एकच कोपर असतं. रोटेनबर्गच्या पट्ट्यात ‘थांबण्याची ताकद’ कुठे मोजायची, याचं उत्तर मला सापडलं नाही. ते मिळालं एरियल रुबिनस्टाइनच्या १९८२ च्या घासाघिशीच्या मॉडेलमध्ये. ज्याला थांबणं जास्त महाग पडतं त्याच्या वाट्याला कमी येतं, हे तिथे गणिताने निघतं.

इथपर्यंत पेपर अपुरा आहे, चुकीचा नाही. पाथर्डीत आणला की तो चुकतो.

आपल्या जिल्ह्याची गंमत अशी, की उत्तरेला प्रवरानगरसारखे जुने कारखाने आणि दक्षिणेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडमधून निघणारे कोयते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, एकटा असेल तर अर्धा कोयता. कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला पैसे देतो, मुकादम कोयत्याला उचल देतो. सही किंवा अंगठा होतो, दिवाळीच्या आसपास गाड्या हलतात. बाहेरून बघणाऱ्याला हे हुबेहूब सहीच्या वेळचा बोनस दिसतं. आता हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी. समजा उचल १ लाख, तोडणीचा दर टनाला ३५० रुपये, जोडी दिवसाला २ टन तोडते. रोजचे ७०० झाले. १ लाख फिटायला १४३ दिवस. हंगाम १२० दिवस चालला तर फिटतात ८४ हजार, उरतात १६ हजार. यात आठवड्याची खर्ची धरलेली नाही, खाडा झाला तर होणारी कपात धरलेली नाही. उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिसळते, आणि माणूस त्याच मुकादमाकडे जातो.

आता रोटेनबर्गचं खालचं टोक आठवा. ‘दुसरीकडे जे मिळवू शकला असता ते’ हे तो बाहेरून दिलेलं धरतो, कराराच्या आधीचं आणि करारापासून स्वतंत्र. इथे ते टोक करारच बनवतो. मागची बाकी असलेल्या माणसाला या वर्षी दुसरीकडे जाण्याची किंमत १६ हजारांनी वाढलेली असते. बोनस सहीच्या दिवशी देणं संपवतो, उचल त्याच दिवशी देणं सुरू करते. म्हणून मोठी उचल हे चांगल्या कामगाराचं लक्षण असू शकतं, तसंच घरात लग्न किंवा दवाखाना निघाल्याचंही. माझ्या ११८ फॉर्ममध्ये हे दोन्ही एकाच रकान्यात, एकाच चिन्हाने बसले होते.

मुकादमाला नुसता खलनायक करूनही चालत नाही. दोघांकडून उचल घेऊन तिसऱ्याच गाडीत बसणारेही असतात आणि मग मुकादम बुडतो. वाहतूकदाराला बुडवणारे मुकादमही आहेत, पोलिसात तक्रारी होतात. कारखाना सुरू व्हायची तारीख जवळ आली की मुकादमाचाही धीर सुटतो, तेव्हा कोयत्याला थोडं ताणता येतं. संघटितपणे ताणलं तर तोडणीचा दरही हलतो. जानेवारी २०२४ मध्ये संघटना आणि साखर संघ यांच्यात ३४ टक्के वाढ ठरली, ती संपाचा इशारा दिल्यावर. पण ती वाढ दराची. उचलीचा आकडा ओट्यावर बसून घरटी ठरतो, तिथे संघटना नसते.

मागे एकाने विचारलं होतं, कबड्डीवर असं काही करता येईल का. करता येईल, आणि तुलना जास्त सरळ बसेल. प्रो कबड्डीत ‘न्यू यंग प्लेयर’ म्हणून नवखी मुलं लिलावात न येता थेट संघाशी करार करतात. आपल्याच जिल्ह्याचा अस्लम इनामदार आठव्या हंगामात पुणेरी पलटणमध्ये असाच आला आणि १ मार्च २०२४ ला त्याच्या कप्तानीखाली संघाने विजेतेपद घेतलं. अशा मुलावर लिलावात बोली लागली असती तर आकडा किती गेला असता, हे थेट करारातून दिसत नाही. म्हणजे रोटेनबर्गचा प्रश्न तसाच उभा राहतो, गुण तोच पण पैसा कुणाच्या खिशात? मात्र लिलावाचे आकडे घेऊन ‘गुणवत्ता’ असा रकाना करणार असाल तर थांबा आणि वर एकदा परत वाचा.

मी आता फॉर्म नव्याने भरतोय. उचल, मागची बाकी आणि पैसे कशाला लागले, असे तीन वेगळे रकाने केलेत. चौथा प्रश्न रोटेनबर्गच्या खालच्या टोकाचा आहे, ‘यंदा उचल घेतली नसती तर काय केलं असतं?’ पहिला फॉर्म मामीचा. मामी बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “घेतली नसती म्हंजे?”

मी प्रश्न दुसऱ्या शब्दांत विचारला, तिसऱ्यांदा विचारला. ती हसली आणि चहा ठेवायला उठली. तो रकाना मी कोरा ठेवलाय. शून्य भरलेलं नाही.