ऑर्कच्या रक्तात काय असतं?

फँटसी आरपीजीमध्ये पात्राच्या वंशाने खेळ बदलावा का? माझं उत्तर: बदलावा, पण गुणांच्या आकड्यांत नाही.

'स्कायरिम'मध्ये (2011) हाय एल्फ निवडला की जादूचे 50 गुण जास्त मिळतात. पुढे कुणीही काहीही शिकू शकतो, पण सुरुवातीला विद्या रक्तातूनच येते. भिवंडीत हे नवं नाही. तेलंगणातून आलेले पद्मशाली, उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी, यांच्याबद्दल "विणकाम रक्तातच आहे" असं सहज बोललं जातं. कौतुकच ते, पण त्यात पॉवरलूमवर उभं राहून शिकलेली वर्षं पुसली जातात आणि पोराची वाटही परस्पर ठरते.

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' (2009) हे नेमकं पकडतो. ड्वॉर्फ राजघराण्यातला असो की जातीबाहेरचा, वंशाचे गुण दोघांना सारखेच. पण दुसऱ्याच्या चेहऱ्यावर खूण गोंदलेली असते, आणि रिंगणात उतरायला त्याला भलत्याचंच चिलखत चढवावं लागतं. अंग तेच, दारं वेगळी. जात अशीच चालते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ने 2024 च्या नियमांत 'रेस' हा शब्द काढला आणि क्षमतेचे वाढीव गुण पात्राच्या पूर्वायुष्याला जोडले. बरं झालं. पण आकडे काढले आणि गावाची नजरही सगळ्यांसाठी सारखीच ठेवली, तर वंश म्हणजे नुसता पोशाख उरतो. ऑर्कला अंधारात दिसू दे, हरकत नाही. सराईवाला त्याला खोली देतो का, ते मला खेळायचंय.