कुठले तुम्ही?

‘ती फुलराणी’ मी ठाण्याच्या गडकरी रंगायतनात पाहिलं. शॉच्या ‘पिग्मॅलियन’वरून पु. लं.नी केलेलं हे नाटक १९७५ साली रंगभूमीवर आलं. नाटक झकास, त्याबद्दल वादच नाही. माझं भांडण आहे ते उच्चारशास्त्राच्या प्राध्यापकाशी. शॉचा हिगिन्स म्हणतो, माणूस नुसता बोलला की त्याचं गाव मी सहा मैलांच्या आत सांगतो. लंडनचा असेल तर दोन मैलांच्या.

सहा मैल! अहो, तेवढ्यात आमची डोंबिवली, ठाकुर्ली आणि कल्याण तिन्ही बसतात, आणि तीन गावांत मिळून सबंध महाराष्ट्र बसतो. आता माझंच पाहा. वडील राजापूरचे, आई अमरावतीची. शेजारी बेळगावचे, वरच्या मजल्यावर जळगावचे. मी जन्मानं डोंबिवलीकर, पण आईवर गेलेलं एखादं ‘करून राहिलो’ तोंडातून निसटलं, की ठाण्याच्या कचेरीतले साहेब विचारणार, “काय, यंदा नागपूरला ऊन किती?” उलट, सुटीत अमरावतीला गेलो की मामी म्हणायची, “आला बापा कोकण्या!” लोकलमध्ये तर एकानं मला कारवारचा ठरवून थेट माशांचे भाव विचारले. मी शाकाहारी. तरी सांगितले. उगाच कशाला कुणाचं मन मोडा?

शॉला ही गंमत ठाऊक होती. १९३८च्या इंग्रजी चित्रपटात मेजवानीला आलेला एक भाषापंडित एलायझाचं बोलणं ऐकतो आणि छातीठोक सांगतो, ही बाई हंगेरीची राजकन्या! कारण काय, तर इतकं शुद्ध इंग्रजी इंग्रज बोलतच नाही. म्हणजे हिगिन्सची विद्या पोकळ आहे, हे नाटककारानंच दाखवून दिलं. प्रेक्षक मात्र हसतो आणि घरी येऊन पुन्हा तीच विद्या पाजळतो.

प्रेक्षक म्हणजे मीच. स्टेशनाबाहेर एक बाई पावसाळी भाजी घेऊन बसते. तिच्या बोलण्यात ‘ळ’चा ‘ल’, ‘ण’चा ‘न’ आणि ‘मला’चं ‘मना’. एकदा मी मोठ्या आपुलकीनं विचारलं, “मावशी, तुम्ही कुठल्या गावच्या? लांबून येता का?”

तिनं जुडी पिशवीत टाकली आणि म्हणाली, “इकरंच. तुमची बिल्डिंग हाय ना, तिकरं आमचा शेत व्हता. तुमी कुठचं?”

माझी जीभ टाळ्याला चिकटली. १८५४ साली रेल्वे कल्याणला पोचली, त्याच्या कितीतरी आधीपासून जे आगरी बोल या खाडीकाठी घुमत होते, ते मला परगावचे वाटले. आणि राजापूर-अमरावतीच्या मिश्रणाला मी डोंबिवलीची भाषा म्हणत होतो! नाटकातली फुलवाली निदान स्वतःहून शुद्ध बोलायला शिकते. इथे तर जिची जमीन, तिलाच आम्ही पाहुणी ठरवून मोकळे.

आता कुणी ‘कुठले तुम्ही?’ विचारलं की मी ‘डोंबिवलीचा’ असंच सांगतो. फक्त आधी आजूबाजूला बघून घेतो, मावशी ऐकत नाही ना!